संयुक्त शिक्षण क्षेत्र आढावा

संयुक्त शिक्षण क्षेत्र आढावा ही एखाद्या देशाच्या शिक्षण क्षेत्राची ठरावीक कालावधीतील, बहुधा वर्षभराची, कामगिरी तपासण्याची पद्धत आहे. शिक्षण मंत्रालयाच्या नेतृत्वाखाली होणाऱ्या या आढाव्यात अर्थ मंत्रालय, स्थानिक शासने, शिक्षक संघटना, स्वयंसेवी संस्था आणि अर्थसाहाय्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था सहभागी होतात. राष्ट्रीय शिक्षण आराखड्यात ठरवलेली उद्दिष्टे कितपत साध्य झाली, निधी कसा खर्च झाला आणि पुढील वर्षी कोणते बदल करावेत, हे आढाव्याचे मुख्य विषय असतात. आकडेवारीचे विश्लेषण व अहवाललेखन यांसाठी अनेक देशांत बाहेरील सल्लागार नेमला जातो. सल्लागाराने पुरावा मांडावा आणि निर्णय शासनाने व सहभागी पक्षांनी घ्यावा, अशी या नियुक्तीमागील अपेक्षा असते. ही सीमारेषा कितपत पाळली जाते यावर आढाव्याची उपयुक्तता बरीचशी अवलंबून असते.

पार्श्वभूमी

विकसनशील देशांना मिळणारे शैक्षणिक साहाय्य दीर्घकाळ स्वतंत्र प्रकल्पांच्या रूपात येत असे. प्रत्येक देणगीदार संस्थेचा प्रकल्प, हिशेब, पाहणी पथक आणि अहवाल वेगळा असल्यामुळे शिक्षण मंत्रालयातील अधिकाऱ्यांचा पुष्कळ वेळ या पथकांसाठी खर्च होई. १९९० मध्ये थायलंडमधील जोमतिएन येथे ‘सर्वांसाठी शिक्षण’ ही जागतिक परिषद झाली. त्यानंतरच्या दशकात सुटे प्रकल्प मागे ठेवून संपूर्ण क्षेत्राचा एकच आराखडा आणि सर्वांनी मिळून एकच आढावा, अशी क्षेत्रव्यापी पद्धत पुढे आली. इथिओपियाने १९९७ मध्ये आपला पहिला शिक्षण क्षेत्र विकास कार्यक्रम हाती घेतला. युगांडात त्याच वर्षी सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९९८ च्या गुंतवणूक आराखड्यासोबत नियमित संयुक्त आढाव्यांची प्रथा रुजली.

२००५ च्या पॅरिस जाहीरनाम्याने या पद्धतीला तात्त्विक आधार दिला. साहाय्य घेणाऱ्या देशाची मालकी, त्याच्या धोरणांशी सुसंगती, देणगीदारांमधील समन्वय, फलनिष्पत्तीवर भर आणि परस्पर उत्तरदायित्व ही या जाहीरनाम्याची पाच तत्त्वे होती. २००२ मध्ये ‘फास्ट ट्रॅक इनिशिएटिव्ह’ या नावाने सुरू झालेला आणि २०११ पासून ‘ग्लोबल पार्टनरशिप फॉर एज्युकेशन’ या नावाने ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय निधी संयुक्त आढाव्यांना विशेष महत्त्व देतो. या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परिणामकारक आढाव्याची पाच अंगे सांगितली आहेत: सर्वसमावेशक सहभाग, मान्य आराखड्याशी सुसंगती, पुराव्याचा आधार, देखरेखीचे साधन म्हणून उपयोग आणि धोरणचक्रात प्रत्यक्ष बदल घडवण्याची क्षमता.

स्वरूप

आढावा म्हणजे लेखापरीक्षण नव्हे. लेखापरीक्षणात खर्च नियमांनुसार झाला की नाही हे पाहिले जाते, तर आढाव्यात त्या खर्चातून शिक्षणात काय बदलले याचा विचार होतो. तो एखाद्या प्रकल्पाच्या मूल्यमापनापेक्षाही वेगळा असतो, कारण त्याचा विषय पूर्वप्राथमिकपासून उच्च शिक्षणापर्यंतचे संपूर्ण क्षेत्र किंवा त्याचा मोठा भाग असतो.

साधारणपणे आढाव्याचे चार टप्पे असतात. प्रथम मंत्रालय वार्षिक प्रगती अहवाल तयार करते. त्यानंतर निवडक जिल्ह्यांत व शाळांत क्षेत्रभेटी होतात. पुढे काही दिवसांची संयुक्त बैठक भरते. बैठकीच्या शेवटी निष्कर्ष आणि मान्य झालेल्या कृती ‘एड-मेम्वार’ या फ्रेंच नावाने ओळखल्या जाणाऱ्या टिपणात नोंदवल्या जातात. पुढच्या आढाव्याची सुरुवात याच टिपणातील कृतींच्या तपासणीने होणे अपेक्षित असते. अर्थसंकल्प तयार होण्यापूर्वी आढावा पूर्ण झाला तरच त्यातील शिफारशींना निधी मिळू शकतो. त्यामुळे त्याची वेळ महत्त्वाची ठरते.

सल्लागाराची भूमिका

सल्लागार नेमण्याची कारणे प्रामुख्याने तीन आहेत. मंत्रालयाच्या नियोजन विभागात सांख्यिकी व वित्तीय विश्लेषणासाठी पुरेसे मनुष्यबळ नसते. स्वतःच्या कामाचे परीक्षण स्वतःच करण्यात संकोच असतो. तसेच परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या पक्षांना तटस्थ व्यक्तीने मांडलेला पुरावा अधिक ग्राह्य वाटतो.

सल्लागाराच्या कामात पटनोंदणी, गळती, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, अध्ययनाची पातळी व खर्च या निर्देशकांचे विश्लेषण, मागील आढाव्यातील कृतींची तपासणी, क्षेत्रभेटींची प्रश्नावली आणि मसुदा अहवाल यांचा समावेश होतो. युनेस्को, जागतिक बँक, युनिसेफ व ग्लोबल पार्टनरशिप फॉर एज्युकेशन यांनी शिक्षण क्षेत्राच्या विश्लेषणासाठी २०१४ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका अशा कामात वापरली जाते. प्राधान्यक्रम ठरवणे, निधीचे वाटप आणि अधिकाऱ्यांच्या कामगिरीवरील निर्णय या बाबी मात्र सल्लागाराच्या कक्षेबाहेर राहतात.

नियुक्तीची प्रक्रिया

कार्यकक्षा

नियुक्तीचा पाया म्हणजे कार्यकक्षेचा दस्तऐवज, म्हणजेच ‘टर्म्स ऑफ रेफरन्स’. त्यात आढाव्याची पार्श्वभूमी, उत्तरे शोधावयाचे प्रश्न, सादर करावयाचे अहवाल, कालावधी, आवश्यक अर्हता आणि सल्लागार कोणाला उत्तरदायी असेल हे नमूद केले जाते. ‘शिक्षण क्षेत्राच्या कामगिरीचे परीक्षण करणे’ अशी मोघम कार्यकक्षा असल्यास वर्णनपर अहवाल हाती येण्याची शक्यता अधिक असते. ‘पाचवीपूर्वी शाळा सोडणाऱ्या मुलींचे प्रमाण कोणत्या जिल्ह्यांत वाढले आणि त्या जिल्ह्यांत शिक्षकांची किती पदे रिक्त होती’ अशा नेमक्या प्रश्नाचे उत्तर तपासता येते आणि त्यावर कृती ठरवता येते.

कार्यकक्षा कोणी लिहिली यालाही महत्त्व आहे. ती केवळ देणगीदार संस्थेने लिहिल्यास त्या संस्थेच्या प्रकल्पाशी संबंधित प्रश्नांना झुकते माप मिळू शकते. केवळ मंत्रालयाने लिहिल्यास अडचणीचे प्रश्न वगळले जाऊ शकतात. म्हणून तिचा मसुदा सर्व भागीदारांच्या संयुक्त समितीत मान्य करून घेणे योग्य मानले जाते.

निवड

कामाच्या व्याप्तीनुसार एक व्यक्ती, तज्ज्ञांचा गट किंवा सल्लागार संस्था नेमली जाते. वैयक्तिक सल्लागाराची निवड मुख्यतः अर्हता व अनुभव यांच्या तुलनेवरून होते. संस्थेच्या निवडीसाठी जागतिक बँकेच्या नियमांत गुणवत्ता व किंमत यांवर आधारित निवडपद्धती प्रचलित आहे. भारतातील सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्येही सल्लागार सेवांसाठी या पद्धतीची तरतूद आहे. तीत तांत्रिक प्रस्ताव आधी उघडून गुण दिले जातात आणि पात्र ठरलेल्यांचेच आर्थिक प्रस्ताव नंतर उघडले जातात. सर्वांत कमी किमतीच्या प्रस्तावाला १०० आर्थिक गुण आणि इतरांना त्या प्रमाणात कमी गुण मिळतात.

दोन्ही घटकांना दिलेल्या भारांकावर निकाल कसा बदलतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होते. पहिल्या संस्थेला ९० तांत्रिक गुण असून तिची किंमत १२ लाख रुपये आहे. दुसरीला ७५ तांत्रिक गुण असून तिची किंमत ८ लाख रुपये आहे. तांत्रिक व आर्थिक भारांक ८०:२० असल्यास पहिलीचे एकूण गुण सुमारे ८५.३ व दुसरीचे ८० होतात आणि पहिली निवडली जाते. भारांक ५०:५० ठेवल्यास पहिलीचे गुण ७८.३ व दुसरीचे ८७.५ होऊन दुसरीची निवड होते. विश्लेषणाचा दर्जा महत्त्वाचा असलेल्या कामात तांत्रिक भारांक जास्त ठेवण्याचे हेच कारण आहे.

हितसंबंधांचा संघर्ष टाळणे ही निवडीतील आणखी एक अट असते. ज्या व्यक्तीने आराखडा तयार केला किंवा कार्यक्रम राबवला तिनेच त्याचे परीक्षण करू नये, हा सर्वसाधारण दंडक आहे. शिक्षणतज्ज्ञांची संख्या मर्यादित असलेल्या लहान देशांत तो पाळणे कठीण जाते. अशा वेळी बाहेरील तज्ज्ञासोबत देशातील तज्ज्ञाची जोडी नेमली जाते. त्यामुळे स्थानिक भाषा व प्रशासन यांची माहिती मिळते आणि विश्लेषणाचे कौशल्य देशात राहते.

करार आणि मोबदला

मोबदला बहुधा टप्प्याटप्प्याने, म्हणजे प्रारंभिक अहवाल, मसुदा व अंतिम अहवाल स्वीकारल्यावर दिला जातो. अहवाल स्वीकारण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याचा मजकुरावर प्रभाव पडू शकतो. म्हणून करारात तथ्यांतील चुकांची दुरुस्ती आणि निष्कर्षांतील बदल यांत फरक करणे आवश्यक ठरते. मंत्रालयाने चुकीचा आकडा दुरुस्त करून घेणे रास्त असते. न पटलेल्या निष्कर्षाबाबत मात्र त्याचे भिन्न मत अहवालासोबत नोंदवणे अधिक पारदर्शक मानले जाते. विश्लेषणासाठी वापरलेली मूळ माहिती मंत्रालयाकडे सुपूर्द करण्याची अटही करारात असावी लागते, अन्यथा पुढील वर्षी तेच काम पुन्हा विकत घ्यावे लागते.

माहितीची पडताळणी

सल्लागाराचे विश्लेषण मूळ आकडेवारीइतकेच विश्वासार्ह असते. शाळांना पटसंख्येवर आधारित निधी किंवा शिक्षकपदे मिळत असल्यास पट फुगवून दाखवण्याचा मोह होतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी मोहीम राबवण्यात आली. तीत हजेरीपटावर नावे असलेले अनेक विद्यार्थी प्रत्यक्षात शाळेत नसल्याचे आणि काही ठिकाणी पटनोंदणी बोगस असल्याचे आढळले. अशी तफावत केवळ मंत्रालयाच्या तक्त्यांवर काम करणाऱ्या सल्लागाराच्या लक्षात येणे अवघड असते.

यावर उपाय म्हणून प्रशासकीय माहितीची तुलना जनगणना, कुटुंब सर्वेक्षणे आणि अध्ययन पातळीच्या स्वतंत्र चाचण्यांशी केली जाते. भारतात प्रथम या संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून ग्रामीण मुलांचे वाचन व गणित घरोघरी जाऊन तपासतो. शाळेत नाव असणे आणि वाचता येणे यांतील अंतर या अहवालामुळे सार्वजनिक चर्चेत आले.

उदाहरणे

नेपाळ

नेपाळमध्ये ‘सर्वांसाठी शिक्षण’ कार्यक्रम (२००४–२००९), शालेय क्षेत्र सुधारणा आराखडा (२००९–२०१६) आणि त्यानंतरचा शालेय क्षेत्र विकास आराखडा यांचा आढावा शासन व विकास भागीदार संयुक्तपणे घेत आले आहेत. शाळांकडून गोळा केलेल्या माहितीचे ‘फ्लॅश’ अहवाल हा त्याचा प्रमुख आधार होता. २०१५ च्या संविधानाने माध्यमिक स्तरापर्यंतचे शिक्षण स्थानिक शासनांच्या अधिकारात दिले. त्यामुळे पूर्वी मुख्यतः एका मंत्रालयाकडून मिळणारे चित्र आता ७५३ स्थानिक शासनांच्या माहितीतून जुळवावे लागते आणि सल्लागाराच्या कामाची व्याप्तीही वाढते.

भारत

देशाच्या शिक्षणाच्या परीक्षणात परदेशी तज्ज्ञांना सामावून घेण्याचे जुने उदाहरण म्हणजे कोठारी आयोग (१९६४–६६). ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जपान व सोव्हिएत संघ येथील तज्ज्ञ या आयोगाचे सदस्य होते. अध्यक्षपद दौलतसिंह कोठारी यांच्याकडे आणि सदस्य-सचिवपद कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्याकडे होते. परदेशी तज्ज्ञांचा सल्ला आणि अहवालाची देशी मालकी यांचा मेळ येथे दिसतो.

१९९४ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. या कार्यक्रमाची पाहणी शासन व अर्थसाहाय्य करणाऱ्या संस्थांची संयुक्त पथके करीत. सर्व शिक्षा अभियानात जागतिक बँक, ब्रिटनचा आंतरराष्ट्रीय विकास विभाग व युरोपीय आयोग यांच्यासह वर्षातून दोनदा संयुक्त आढावा मोहीम होत असे. राष्ट्रीय पातळीवरील तांत्रिक साहाय्य गट ‘एडसिल’ या सार्वजनिक उपक्रमामार्फत चालवला जाई. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या उपक्रमाचे मूळ नावच ‘एज्युकेशनल कन्सल्टंट्स इंडिया लिमिटेड’ असे होते. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान व शिक्षक शिक्षण योजना यांचे समग्र शिक्षा योजनेत एकत्रीकरण झाले.

जागतिक बँकेने २०२० मध्ये ५० कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पात महाराष्ट्रासह सहा राज्ये होती. ठरवलेले निकाल साध्य झाल्याची पडताळणी करून रक्कम देण्याची पद्धत या प्रकल्पात होती. अशा पद्धतीत परीक्षकाच्या निष्कर्षाला थेट आर्थिक परिणाम जोडला जातो आणि त्याच्या निःपक्षपातीपणाचे महत्त्व वाढते.

टीका

सल्लागारांवरील अवलंबित्वामुळे मंत्रालयाची स्वतःची विश्लेषणक्षमता वाढत नाही, असा प्रमुख आक्षेप आहे. दरवर्षी नवा सल्लागार नेमल्यास मागील आढाव्याची संस्थात्मक स्मृती राहत नाही आणि त्याच शिफारशी वेगळ्या शब्दांत पुन्हा येतात. अहवाल इंग्रजी किंवा फ्रेंचमध्येच प्रसिद्ध होत असल्याने शिक्षक, पालक व स्थानिक लोकप्रतिनिधी चर्चेपासून दूर राहतात, अशीही टीका होते. शिफारशींची संख्या फार मोठी असल्यास कोणतीच अमलात येत नाही. म्हणून थोड्या, जबाबदार अधिकारी व मुदत निश्चित केलेल्या कृतींवर भर द्यावा, असे मत मांडले जाते.

याउलट, तटस्थ बाह्य परीक्षणाशिवाय आढावा शासनाच्या कामगिरीची जाहिरात बनण्याचा धोका असतो, असे समर्थकांचे म्हणणे आहे. सल्लागाराने मंत्रालयातील कर्मचाऱ्यांसोबत काम करून दरवर्षी आपला वाटा कमी करत न्यावा, हा या दोन्ही भूमिकांमधील मध्यममार्ग मानला जातो.

हे सुद्धा पहा

कोठारी आयोग
सर्व शिक्षा अभियान
समग्र शिक्षा
सर्वांसाठी शिक्षण
ग्लोबल पार्टनरशिप फॉर एज्युकेशन
जे. पी. नाईक