राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे

वसईजवळच्या गिरीजच्या हिरा डोंगरीवर, ज्या टेकडीस वज्रगड म्हणूनही ओळखतात, दत्तमंदिराशी उभे राहिले म्हणजे चिमाजी आप्पांच्या १७३९ मधील वसईच्या विजयाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु मराठी मल्लविद्येचा विचार करू लागणाऱ्यास वसईचे दुसरे साल अधिक सलते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथेच तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, आणि बाळंभटदादा देवधरांसारख्या मल्लखांबाच्या आचार्यास पदरी बाळगणारे ते राज्य सोळा वर्षांत लयास गेले. राज्य गेले, तालीम मात्र गेली नाही. संस्थानिकांच्या आश्रयाने ती जगली, आणि कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींनी खासबागेचे मैदान उभारून तिला जी प्रतिष्ठा दिली, तिला तोड नाही.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच परंपरेतले. १९४८ साली कोल्हापूर दरबाराच्या द्रव्यसाहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि तांबड्या मातीत घडलेल्या या मल्लास अपरिचित मॅटवर सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पुढच्याच वर्षी, १ मार्च १९४९ रोजी, कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पराभूत पैलवानास पुन्हा उभे राहावयाचे होते, आणि ज्याच्या आधाराने उभे राहावयाचे ते सिंहासनच उरले नव्हते!

अशा वेळी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या खर्चासाठी, राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांस गहाण टाकले, व उरलेली रक्कम लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली. माझ्या मते मराठी कुस्तीच्या इतिहासातील खरा संधिकाल तो हाच. कारण जे दायित्व शतकानुशतके गादीने वाहिले, ते प्रथमच एका शिक्षकाने आणि सामान्य रयतेने शिरावर घेतले. २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकी येथे, बँटमवेट गटात, सोव्हिएत मल्ल मामेदबेयोव्ह आणि सुवर्णविजेता जपानी मल्ल इशी यांच्याकडून हार पत्करूनही, खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गावाने त्यांचे स्वागत केले. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढून जिंकले, आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविले.