विषाणूचें वाहन

१८०२ सालच्या जून महिन्याच्या १४ तारखेस मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवी काढण्यांत आल्या. हिंदुस्थानांत यशस्वी झालेली ही पहिली लस होय. एडवर्ड जेन्नर यानें १७९६ सालीं इंग्लंडांत प्रथम योजलेली गाईच्या देवींची ही लस व्हिएन्ना, बगदाद व बसरा असा प्रवास करीत त्या मुलीच्या दंडापर्यंत पोंचली. लस टिकवावयाची तर एकाच्या दंडावरील फोडांतून ती दुसर्‍याच्या दंडावर द्यावयाची, हाच त्या काळीं मुख्य उपाय. ॲनाच्या दंडावरील लशीनें मुंबईंतील इतर मुलांस देवी काढल्या गेल्या व तेथून ती इतर प्रांतीं गेली. सौम्य विषाणूकडून उग्र विषाणूची वाट अडविण्याची ही युक्ति होती. परंतु विषाणु म्हणजे काय, हें कोणासच ठाऊक नव्हतें.

तें कळावयास सुमारें शंभर वर्षें लागलीं. तंबाखूच्या रोगट पानांचा रस जंतु अडविणार्‍या गाळणींतून काढला तरी रोग पसरवितो, हें १८९२ सालीं इव्हानॉव्स्की यानें दाखविलें. १९३५ सालीं स्टॅन्ली यानें त्याच विषाणूचे स्फटिक मिळविले. पुढें उलगडा झाला तो असा, कीं विषाणु म्हणजे मुख्यतः प्रथिनांचें कवच व त्यांत जपलेला आनुवंशिक संदेश. पेशींत शिरून तो संदेश तेथें सोडणें, हें त्याचें कसब. साहजिकच प्रश्न उभा राहिला: घातक संदेश काढून त्या जागीं उपकारक संदेश घातला तर?

१९९० सालीं अमेरिकेंत चार वर्षांच्या एका मुलीच्या रक्तपेशींत अशा विषाणूकरवीं निरोगी जनुक घालण्यांत आलें. आशा बळावल्या. परंतु १९९९ सालीं फिलाडेल्फिया येथें जेसी गेल्सिंगर या अठरा वर्षांच्या तरुणास विषाणूंतून जनुक दिलें असतां त्याच्या शरीरानें त्या वाहनाविरुद्धच बंड पुकारलें आणि चार दिवसांनीं तो मरण पावला. माल निर्दोष असला तरी वाहन घातक ठरूं शकतें, हा धडा फार महाग पडला. त्यानंतर अशा प्रयोगांवरील देखरेख अधिक कडक झाली.

महाराष्ट्रांत या विद्येचीं दोन फळें ठळकपणें दिसलीं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार झालेली कोव्हिशील्ड लस चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूंत फेरफार करून बनविलेली होती. १६ जानेवारी २०२१ रोजीं देशांत लसीकरण सुरू झालें, तेव्हां ती त्यांत होती. दुसरें फळ मुंबईचें. आय. आय. टी. मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांच्या प्रयत्नांतून निघालेल्या नेक्सकार-१९ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्यें परवानगी मिळाली. यांत रुग्णाच्या रक्तांतील रक्षक टी-पेशी बाहेर काढतात. लेंटिव्हायरस जातीचा, वाढण्याची शक्ति हरण केलेला विषाणु त्यांत नवा संदेश नेतो. मग त्या पेशी कांहीं रक्तकर्करोगांच्या पेशींवरील खूण ओळखून त्यांवर तुटून पडतात. एड्सचा विषाणु याच कुळांतला! ज्या कुळानें टी-पेशींचा संहार केला, त्याच्याच कसबानें त्या सशस्त्र झाल्या.

विषाणूच्या कवचाचा आणखीहि एक उपयोग शोधला जात आहे. चवळीवर रोग पाडणार्‍या एका विषाणूचा व्यास अवघा सुमारें ३० नॅनोमीटर. त्याच्या कवचास चमकणारा रंग जोडून जिवंत उंदरांच्या रक्तवाहिन्या पाहतां आल्याचें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. अशाच कवचांतून औषध नेऊन तें नेमक्या गांठीपाशीं सोडण्याचेहि प्रयोग चालू आहेत.

एक फरक मात्र विसरतां येत नाहीं. ॲनाच्या दंडावरील लस एकाकडून दुसर्‍याकडे जात असे. नेक्सकार-१९ प्रत्येक रुग्णाकरितां त्याच्याच पेशींपासून स्वतंत्र करावें लागतें. परदेशी उपचाराच्या मानानें तें पुष्कळ स्वस्त असलें तरी त्याचा खर्च लाखांनीं मोजावा लागतो, आणि वैनगंगेकांठच्या गोसीखुर्दच्या रुग्णास त्यासाठीं मोठ्या शहरांतील सुसज्ज रुग्णालय गांठावें लागतें. विषाणूस पेशीचें दार सांपडलें आहे. रुग्णास रुग्णालयाचें दार सांपडणें हें यापुढचें काम आहे.