रायखेनबाख: होम्सच्या मागे दडलेला ओढा

शेरलॉक होम्स वाचलेल्यांना रायखेनबाखचा धबधबा नव्याने सांगायला नको. पण मुळात तो एक ओढा आहे. जर्मनमध्ये ‘बाख’ म्हणजेच ओढा. स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतात रोझेनलाउई हिमनदीचं वितळलेलं पाणी घेऊन तो निघतो, माइरिंगेन गावाजवळ टप्प्याटप्प्याने सुमारे २५० मीटर खाली कोसळतो आणि आरे नदीला मिळतो. सर्वात वरची उडी एकटीच शंभर मीटरहून मोठी आहे.

१८०२ साली आमियेंच्या तहामुळे इंग्लंड-फ्रान्स युद्ध काही काळ थांबलं आणि इंग्रजांना युरोपात फिरण्याची वाट मोकळी झाली. त्यांत टर्नर हा तरुण चित्रकार होता. इथली रेखाटनं घेऊन तो परतला आणि १८०४ मध्ये त्याने या धबधब्याचं मोठं जलरंगचित्र केलं. त्याला हवा होता तो पाण्याचा धडकी भरवणारा आवाका.

कॉनन डॉइलची गरज वेगळी होती. होम्सला तो कंटाळला होता. १८९३ च्या ऑगस्टमध्ये तो स्वित्झर्लंडला आला आणि डिसेंबरात होम्सच्या मृत्यूची कथा छापून आली. आता गंमत बघा. कथेतली तारीख ४ मे १८९१, म्हणजे बर्फ वितळून ओढा फुगलेला. तुषारांनी पायवाट कायम चिखलाची. त्या चिखलात जाणारी पावलं दोघांची, परतणारं एकही नाही. त्यावरूनच वॉटसन निष्कर्ष काढतो. आमच्या मते, डॉइलने इथून उचललेली सर्वात मोलाची गोष्ट कड्याची उंची नसून हा ओलावा आहे. कोरड्या कड्यावर ती कथा उभीच राहिली नसती!

१८९९ मध्ये दोरखंडाची रेल्वे आली आणि पर्यटकांचे श्रम वाचले. पुढे या पाण्यावर वीजही होऊ लागली. त्यामुळे वर्षातल्या काही काळात कड्यावरून पडणारं पाणी फारच कमी असतं. पुस्तक वाचून आलेला माणूस अशा वेळी हिरमुसला, तर नवल नाही.

पण मोठा बदल वर, उगमापाशी झाला आहे. टर्नर आला तेव्हा आल्प्समध्ये ‘लघु हिमयुग’ चालू होतं. एकोणिसाव्या शतकात रोझेनलाउईची जीभ पार दरीकडे उतरलेली असे. तिचा निळा बर्फ बघायला प्रवासी मुद्दाम जात. साधारण १८५० नंतर आल्प्समधल्या हिमनद्या आटू लागल्या. आज रोझेनलाउईचा बर्फ उंच खडकांवर मागे सरला आहे आणि पूर्वी बर्फाखाली असलेल्या अरुंद घळीतून लोक चालत जातात.

हिमनदी आटताना आधी काही काळ उन्हाळी पाणी वाढतं, साठा संपत आला की घटतं. वसंतातला बर्फ ओढ्याला मे महिन्यात पूर आणेलही. ऑगस्टमधलं पाणी मात्र या हिमनदीच्या भरवशावर आहे. आणि डॉइल आला होता तो ऑगस्टमध्ये.