प्रेक्षकाचं मत हा पुरावा असतो का?

मागच्या वर्षी माझ्या संशोधन सल्लागार समितीपुढे तिसऱ्या प्रकरणाचं सादरीकरण होतं. प्रकरणात एक वाक्य होतं: १९९१ साली आलेला 'माहेरची साडी' हा चित्रपट ग्रामीण मराठी स्त्री प्रेक्षकांनी रडून आपलासा केला. समितीतल्या मॅडमनी तिथेच थांबवलं. "रडल्या हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, वर्तमानपत्रांत आलंय, जाहिरातींत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. "सगळ्यांना म्हणजे कुणाला? एका तरी बाईला विचारलंत का?"

मी गप्प बसलो, कारण एकीलाही विचारलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी अनेकजण पेट देऊन आराखडा लिहायला बसले असाल. सिनेमा, मालिका, नाटक असे विषय घेणारे दरवर्षी वाढतायत. या विषयांत 'प्रेक्षकांना आवडलं', 'समाजाने नाकारलं' अशी वाक्यं हातातून फार सहज निघतात. म्हणून आज एकच प्रश्न घेऊया: प्रेक्षकाचं मत हे इतिहासाचं साधन म्हणून वापरायचं असेल तर ते कसं वाचायचं? दोन प्रकाशित उदाहरणं घेतो आणि तिसरं घरातलं.

१९२७: सरकार मत विचारतं

ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने एक चित्रपट चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते मद्रासचे वकील आणि विधिमंडळातले नेते टी. रंगाचारियार, म्हणून तिला रंगाचारियार समिती असंही म्हणतात. त्या काळी आपल्याकडे दाखवले जाणारे बहुतेक चित्रपट परदेशी, त्यातही मुख्यतः अमेरिकी होते. पडद्यावरच्या गोऱ्या बायका पाहून 'नेटिवां'च्या मनात साम्राज्याची पत कमी होईल ही एक भीती, आणि अमेरिकेऐवजी ब्रिटिश चित्रपटांना बाजार मिळावा ही दुसरी इच्छा. या दोन्हींच्या पोटी ही समिती जन्माला आली.

समितीने ४,३२५ प्रश्नावल्या पाठवल्या. उत्तरं आली ३२०. शिवाय देशभर फिरून ३५३ जणांच्या साक्षी घेतल्या. मे १९२८ मध्ये अहवाल सादर झाला आणि साक्षींचे जाडजूड खंडही छापले गेले. ते आता ऑनलाइन वाचायला मिळतात. भारतीय सिनेमाच्या प्रेक्षकांवर काम करायचं तर या खंडांना वळसा घालून चालत नाही.

पहिल्यांदा वाचताना मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं होतं. शेकडो माणसं सिनेमाबद्दल बोलतायत! मग हळूहळू लक्षात यायला लागलं की यातले बरेच जण स्वतःबद्दल बोलतच नाहीयेत. सिनेमाने तरुण बिघडतात, अशिक्षितांवर वाईट परिणाम होतो, असं सांगणारा साक्षीदार स्वतः बिघडलेला नसतो आणि अशिक्षितही नसतो. तो वकील असतो, शिक्षक असतो, पोलीस अधिकारी असतो, मिशनरी असतो. चार आण्यांच्या बाकावर बसणाऱ्या माणसाबद्दल खुर्चीत बसणारा माणूस बोलत असतो. प्रश्नावली इंग्रजीत होती म्हटल्यावर उत्तर देणारे कोण असणार हे वेगळं सांगायला नको. समितीच्या सहा सदस्यांत एकही स्त्री नव्हती.

सगळ्यात बोलकं उत्तर महात्मा गांधींचं आहे. आपण कधी सिनेमा पाहिलेलाच नाही, त्यामुळे उत्तर द्यायला आपण पात्र नाही, असं त्यांनी प्रांजळपणे कळवलं. आणि त्याच पत्रात सिनेमाने केलेलं नुकसान बाहेरच्या माणसालाही दिसतं असंही सांगितलं. इथे हसून पुढे जाऊ नका. न पाहिलेल्या चित्रपटाबद्दलचं मत हाही पुरावा आहे, फक्त तो चित्रपटाचा पुरावा नाही. १९२७ साली सार्वजनिक जीवनातल्या माणसाला सिनेमाबद्दल काय वाटणं शोभून दिसत होतं, याचा तो पुरावा आहे.

आणि समितीने काय निष्कर्ष काढला? सिनेमामुळे नीती ढासळते या आरोपाला ठोस आधार तिला दिसला नाही, आणि ब्रिटिश चित्रपटांना खास सवलत द्यायलाही तिने पाठिंबा दिला नाही. सरकारने ज्यासाठी घाट घातला होता ते हाती लागलं नाही, अहवाल बाजूला पडला. आपल्याकडे मात्र साक्षी उरल्या.

१९८४: प्रेक्षक स्वतःहून लिहितो

७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ पर्यंत १५६ भाग चालली. लेखक मनोहर श्याम जोशी. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलायचे. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजनाचा प्रचार यशस्वी झाला होता, तोच प्रयोग आपल्याकडे करायचा असा सरकारचा बेत होता. सुरुवातीचे भाग प्रेक्षकांना कंटाळवाणे वाटले, तेव्हा उपदेश पातळ करून कौटुंबिक गोष्ट पुढे आणली गेली.

या मालिकेला चार लाखांहून जास्त पत्रं आली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी त्यातल्या पाचशे पत्रांचा नमुना घेऊन अभ्यास केला आणि प्रेक्षकांचं सर्वेक्षणही केलं. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मालिकेतली आई, भागवंती, ही सतत सोसणारी बाई. असं सोसू नये हे दाखवण्यासाठी तिची योजना केलेली. पण अनेक प्रेक्षकांनी, विशेषतः बायकांनी, तिलाच आदर्श मानलं. लिहिणाऱ्याने एक सांगितलं, बघणारीने दुसरंच घेतलं.

आता या पत्रांना साधनचिकित्सा लावा. १९२७ च्या साक्षीदारापेक्षा हा प्रेक्षक नक्कीच जवळचा. पण पत्र लिहायला अक्षरओळख लागते, पाकीट लागतं, पत्ता लागतो, आणि आपलं मत कुणीतरी वाचेल असा विश्वास लागतो. ज्याला मालिका आवडत नाही तो बहुधा पत्र लिहीत नाही, उठून जातो. म्हणजे पत्रांच्या ढिगात प्रेम जास्त दिसणार आणि कंटाळा कमी. मासिकांतला वाचकांचा पत्रव्यवहार वापरणार असाल तर आणखी एक गाळणी धरा: संपादक. बाबूराव पटेलांचं 'फिल्मइंडिया' हे मासिक १९३५ साली सुरू झालं, त्यातली प्रश्नोत्तरं वाचायला आजही मजा येते. पण तिथे प्रश्नकर्त्यापेक्षा उत्तर देणाऱ्याचाच आवाज मोठा आहे.

आत्याची वही

समितीपुढे फजिती झाली त्याच दिवाळीत मी गावी गेलो होतो. जेवताना हे सगळं सांगितलं तर आत्या म्हणाली, "मी नव्हते रडले." मग आत गेली आणि एक वही घेऊन आली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. जुन्या हजेरीपटाची कोरी पानं शिवून केलेली वही. त्यात पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची नोंद, पुढे टीव्ही आल्यावर मालिकांचीही. तारीख, कुणाबरोबर, आणि एक-दोन ओळींचं मत. कुणाला दाखवायचं म्हणून लिहिलेलं नाही, त्यामुळे भीडभाड नाही.

तिने चार नोंदी वापरायला परवानगी दिली. त्या अशा:

'शोले': मारामारी फार. दिवे मालवणारी ती बाई तेवढी लक्षात राहिली.

'सामना': दोघांचीही कामं उत्तम. पुढच्या रांगेतले साखर कारखान्यातले गृहस्थ मध्येच उठून गेले.

'रामायण' (टीव्ही): घरात बावीस माणसं. चहा केला. ऐकलं, बघितलं नाही.

'माहेरची साडी': शेजारणी रडल्या, मला रडू आलं नाही. येताना भेळ खाल्ली. असा दिवस वर्षातून एकदा तरी पाहिजे.

तिसरी नोंद पुन्हा वाचा. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, टीव्हीला हार घालायचे, हे वर्णन प्रत्येक पुस्तकात सापडतं. ते खोटं नाही. पण ज्या घरी टीव्ही होता त्या घरातली बाई तेव्हा कुठे होती, हे त्या वर्णनात नाही. ती स्वयंपाकघरात होती आणि मालिका तिच्यासाठी आवाजाची गोष्ट होती. तुमच्या आकडेवारीत ती 'प्रेक्षक' म्हणून मोजली जाईल.

आणि चौथी. माझ्या प्रकरणातलं ते वाक्य तिने दोन ओळींत पाडलं. तिला चित्रपटापेक्षा बाहेर पडणं मोलाचं होतं. गल्लीतल्या दहा-बाराजणी मिळून तालुक्याला गेल्या, नवऱ्यांनी नाही म्हटलं नाही, कारण सिनेमा 'बायकांचा' होता. आत्याने हे हसत सांगितलं. म्हणजे गर्दी खरी, यश खरं, पण गर्दीचं कारण मी गृहीत धरलं होतं ते एकच नव्हतं.

अर्थात इथेच दुसरा खड्डा आहे, आणि मी त्यातही पडणार होतो. 'स्त्रिया रडल्या' हे खोडून 'स्त्रिया मोकळ्या हवेसाठी गेल्या' असं लिहायचा मोह झाला. एक वही म्हणजे एक बाई, तीही नोकरी करणारी, लिहिणारी. शेजारणी रडल्या हे त्याच नोंदीत आहे. त्यांनी वही ठेवली नाही म्हणून त्यांचं रडणं खोटं ठरत नाही.

कोरी पानं

वहीत एका ठिकाणी जवळजवळ तीन वर्षांची नोंदच नाही. माझं डोकं लगेच चालू झालं: थिएटर बंद पडलं असेल, व्हिडिओ आला असेल. जिल्ह्याच्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती तपासल्या. थिएटर त्या तीनही वर्षांत रोज चालू होतं. मग आत्यालाच विचारलं.

"जाऊ देत नव्हते," एवढंच म्हणाली आणि वही मिटली.

नंतर ती म्हणाली, बंद होतं एवढं लिही, घरातलं बाकी काही नको. मी तेवढंच लिहिलंय. प्रबंधात तिची वही उद्धृत केलेली नाही. वापर केलाय तो वेगळा: तिच्या नोंदींवरून प्रश्न तयार केले आणि ते घेऊन तीन गावांतल्या इतर बायकांकडे गेलो. 'सिनेमा आवडला का?' हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी विचारतो, कुणाबरोबर गेलात, कुणाला विचारून गेलात, कुठे बसलात, परत येताना काय केलंत. आवडीनिवडी मग आपोआप निघतात, आणि कधीकधी कोरी पानंही.

मॅडमनी प्रकरण परत पाठवलं ते बरंच झालं. ते वाक्य आता असं आहे: चित्रपटाच्या गर्दीत स्त्रियांचं प्रमाण लक्षणीय असल्याचं समकालीन वर्तमानपत्रं सांगतात, त्या का आल्या याची उत्तरं मात्र मुलाखतींत वेगवेगळी मिळतात. वाक्य लांबलं, रुबाब गेला. पण व्हायव्हाला कुणी "हे कुणी सांगितलं?" म्हटलं तर माझ्याकडे उत्तर आहे.

तुम्हाला एक छोटं काम सुचवतो. घरातल्या एका वयस्कर व्यक्तीला तिने पाहिलेल्या एका सिनेमाबद्दल किंवा मालिकेबद्दल विचारा. कागदावर चार रकाने आखा: कोण बोलतंय, कुणासाठी बोलतंय, स्वतः पाहिलंय का, आणि कशाबद्दल बोलायचं टाळतंय. चौथा रकाना समोर बसून भरू नका, घरी आल्यावर भरा. आणि त्यातलं काही कुठे छापणार असाल, तर आधी परत जाऊन विचारा.