परळच्या प्रयोगशाळेतील ‘बॉम्बे’ रक्तगट
#थ्रेड #इतिहास #मुंबई

१/१२
१९९५ साली शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले. ‘बॉम्बे’ हे जुने नाव उच्च न्यायालय आणि आयआयटी यांसारख्या मोजक्या संस्थांनी टिकवले. याखेरीज ते आणखी एका ठिकाणी कायम आहे: जगभरच्या जनुकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत, एका दुर्मीळ रक्तगटाच्या नावात. त्या नावाचा उगम परळमधला.

२/१२
गिरण्यांच्या परळमध्ये १९२६ साली केईएम रुग्णालय सुरू झाले. त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगीदारांनी एक अट घातली होती: येथील अध्यापक भारतीयच असावेत. सरकारी वैद्यकसेवेत वरच्या जागा इंग्रजांकडे असण्याचा तो काळ होता. पुढील शोधाची पार्श्वभूमी ही अशी आहे.

३/१२
रक्तगटांची ओळख कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्नात करून दिली. १९२४ साली जर्मन गणिती फेलिक्स बर्नस्टाइन यांनी त्यांच्या आनुवंशिकतेचा नियम मांडला. जनुक एकच, त्याची रूपे तीन: ए, बी आणि ओ. आईकडून एक व वडिलांकडून एक रूप मिळते. ए व बी प्रभावी, तर ओ अप्रभावी.

४/१२
या नियमानुसार ओ गटाच्या व्यक्तीजवळ अपत्याला देण्यासाठी ए किंवा बी असूच शकत नाही. त्यामुळे ओ गटाच्या आईला किंवा वडिलांना एबी गटाचे मूल होणे अशक्य ठरते. हा नियम इतका नेमका वाटला की अनेक देशांतील न्यायालयांत पितृत्वाच्या वादांत रक्तगट पुरावा म्हणून मांडले जाऊ लागले.

५/१२
आणि मग परळला एक कोडे पुढे आले. काही व्यक्तींचे रक्त नेहमीच्या चाचणीत ओ ठरत होते. पण त्यांच्या रक्तरसात ओ गटाच्या पेशी मिसळल्या की त्या पेशींचेही पुंजके होत. खऱ्या ओ गटात असे घडत नाही. म्हणजे ‘सर्वांना चालणारे’ मानलेले ओ रक्तच या व्यक्तींना चालत नव्हते.

६/१२
डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी अशा तीन व्यक्तींचा अभ्यास केला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रूथ सँगर, आर. आर. रेस, वॉल्टर मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स हे त्यात सहभागी झाले. १९५२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. लेखकांत पहिले नाव भेंडे यांचे होते.

७/१२
कोडे असे उलगडते. लाल पेशीवर ‘एच’ नावाची एक खुंटी असते. ए किंवा बी ही शर्करा या खुंटीलाच टांगली जाते. ओ गटात खुंटी मोकळी असते. बॉम्बे गटात भिंतीला खुंटीच नसते. ए वा बी जनुक शाबूत असले, तरी त्याला काम करायला जागा उरत नाही. चाचणीला फक्त ‘काहीच नाही’ दिसते आणि निकाल येतो: ओ.

८/१२
याचा आनुवंशिक पुरावा १९५५ साली अमेरिकेत मिळाला. फिलिप लिव्हाइन व सहकाऱ्यांनी अभ्यासलेल्या एका कुटुंबात ‘ओ’ दिसणाऱ्या स्त्रीचे अपत्य एबी होते. त्यातील बी तिच्याकडूनच आले होते; ते तिच्या शरीरात दडून राहिले होते. ‘बॉम्बे’ हे नाव याच संशोधनातून रूढ झाले.

९/१२
एका जनुकाने दुसऱ्याचा परिणाम झाकणे, याचे हे आजही शिकवले जाणारे उदाहरण. त्याची सामाजिक बाजूही गंभीर आहे. वडील बॉम्बे गटाचे असतील, त्यांच्यात बी दडलेले असेल आणि आई ओ गटाची असेल, तर मूल बी गटाचे होऊ शकते. कागदावर मात्र दोघेही ओ. अशा वेळी संशयाचे बोट बाईकडेच वळते.

१०/१२
एबीओ जनुक नवव्या गुणसूत्रावर, तर एच घडवणारे एफयूटी१ एकोणिसाव्यावर. आईवडील दोघांकडून सदोष एफयूटी१ आले तरच हा गट होतो. म्हणून नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. भारतात प्रमाण साधारण दहा हजारांत एक मानले जाते, युरोपात दहा लाखांत एक.

११/१२
१९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापले. आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ही त्याचीच वाढ. तिचे ठिकाण केईएमच्याच आवारात आहे. १९७३ साली मुंबईच्या संशोधकांनी आणखी एक प्रतिजन नोंदवले. त्याला भारताच्या नावावरून ‘इंडियन’ म्हणतात. भाटिया त्या शोधातही होते.

१२/१२
बॉम्बे गटाच्या रुग्णाला ओ रक्त दिले, तर प्राण जाऊ शकतो. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. २०२४ साली एका रुग्णासाठी शिर्डीचा रक्तदाता चारशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून इंदूरला गेला. रक्तपेढीत ओ पेशी वापरून केलेली उलट तपासणी हा गट ओळखते. एखाद्याचा गट बॉम्बे निघाला, तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी व्हायला हवी: आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक भावंडात तोच गट असण्याची शक्यता चारात एक असते.