परावटू ग्रंथींचे कॅल्शियम-संवेदन
गळ्यातील अवटू ग्रंथीच्या पाठीमागे मसुराच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमाचे प्रमाण किंचित घटले, तरी त्यांच्या कोशिका (पेशी) परावटू हॉर्मोन अधिक स्रवतात. प्रमाण वाढल्यास स्राव मंदावतो. या हॉर्मोनामुळे हाडांतील कॅल्शियम रक्तात येते व मूत्रावाटे होणारे त्याचे उत्सर्जन कमी होते. हे प्रमाण कोशिकांना कसे कळते, याचा उलगडा १९९३ मध्ये झाला.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये मरण पावलेल्या भारतीय गेंड्याच्या विच्छेदनात रिचर्ड ओएन यांनी अशा एका लहान पिवळसर ग्रंथीची नोंद केली. माणसातील या ग्रंथींचे सविस्तर वर्णन स्वीडनमधील अप्साला येथील ईव्हार सांडस्ट्रम यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले. तथापि त्यांचे कार्य अज्ञातच होते. त्या काळी गलगंडाकरिता अवटू ग्रंथी काढलेल्या काही रुग्णांना अपतानिका (स्नायूंचे वेदनायुक्त आकुंचन) होई व तीत काही दगावत. १८९१ मध्ये यूजेन ग्ले यांनी प्राण्यांवरील प्रयोगांद्वारे तिचा संबंध परावटू ग्रंथींशी जोडला. या ग्रंथी काढल्यास रक्तातील कॅल्शियम घटते व कॅल्शियमाची लवणे दिल्यास अपतानिका थांबते, असे विल्यम मॅक्कॅलम व कार्ल व्हेग्टलिन यांनी १९०९ मध्ये दाखविले. १९२५ मध्ये जेम्स कॉलिप यांनी ग्रंथींचा क्रियाशील अर्क मिळविला.

ग्रंथींचे नियंत्रण कॅल्शियमच करते, याचा महत्त्वाचा पुरावा १९४२ मध्ये पॅट व लकहार्ट यांनी दिला. कॅल्शियम काढून टाकलेले रक्त त्यांनी कुत्र्याच्या अवटू-परावटू ग्रंथींतून वाहविले. तेच रक्त दुसऱ्या कुत्र्यास दिले असता त्याच्या रक्तातील कॅल्शियम वाढले. १९६३ मध्ये बेर्सन, यॅलो व त्यांचे सहकारी यांनी हॉर्मोनाच्या मापनाची किरणोत्सर्गी प्रतिरक्षा पद्धती उपलब्ध केल्यावर हा व्यस्त संबंध थेट मोजता येऊ लागला.

मात्र त्यातून एक कोडे उभे राहिले. अधिवृक्क ग्रंथीच्या मध्यकावरील डग्लस व रूबिन यांच्या १९६१ मधील प्रयोगांनुसार कॅल्शियम हे स्रावास चालना देते. परावटू कोशिकांत ते स्राव रोखते. कोशिकेच्या पृष्ठभागावर कॅल्शियम ओळखणारा ग्राही असावा, असे १९८० नंतरच्या दशकातील प्रयोगांवरून वाटू लागले. हॉर्मोनांना ग्राही असतात हे मान्य होते. साध्या आयनालाही तो असेल, ही कल्पना मात्र नवी होती. १९९३ मध्ये बॉस्टन येथील एडवर्ड ब्राउन, स्टीव्हन हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनी गाईच्या परावटू ग्रंथीतील आरएनए बेडकाच्या अंडकोशिकांत घालून हा ग्राही ओळखला. अवटू ग्रंथीतील कॅल्सिटोनीन स्रवणाऱ्या कोशिकांतही तोच असतो. तेथे मात्र कॅल्शियम वाढल्यास स्राव वाढतो. म्हणजे ग्राही एकच असला, तरी परिणाम कोशिकेच्या प्रकारानुसार ठरतो.

या शोधाचा वैद्यकास तत्काळ उपयोग झाला. काही कुटुंबांत रक्तातील कॅल्शियम जन्मतःच जास्त, पण मूत्रातील कमी असते व बहुधा त्रास होत नाही. अशांपैकी अनेक कुटुंबांत ग्राहीच्या जनुकात दोष असल्याचे १९९३ मध्येच आढळले. अशा व्यक्तींच्या परावटू ग्रंथींचा काही भाग काढूनही कॅल्शियम सहसा उतरत नाही. म्हणून योग्य निदानामुळे निष्फळ शस्त्रक्रिया टळते. ग्राहीची संवेदनक्षमता वाढविणारे सिनाकॅल्सेट हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाले. रक्त-अपोहनावर असलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांत परावटू हॉर्मोनाचा अतिस्राव आटोक्यात ठेवण्यासाठी ते वापरतात.