पाहुणा, गाव आणि जंगल : राधानगरीच्या निमित्ताने

ग्रामीण पर्यटन हा विषय मराठी वाचकाला बहुधा दोन ठिकाणी भेटतो. एक, सरकारी धोरणाच्या कागदात. दुसरे, सुटीच्या दिवसांत छापून येणाऱ्या ‘कुठे जाल, काय पाहाल’ या लेखांत. पहिल्यात गाव हा आकडा असतो, दुसऱ्यात देखावा. गावात राहून पर्यटन उभे करणारी माणसे मात्र दोन्हींत क्वचितच दिसतात. जंगलाची वाट दाखवणारा तरुण, सफारीच्या गाडीचा चालक, पाहुण्यांसाठी भाकरी थापणाऱ्या बचत गटातल्या बाया, नाक्यावर पिशव्या तपासणारा वनमजूर आणि शनिवार-रविवार गावच्या कामाला देणारे निसर्ग मंडळाचे कार्यकर्ते ही ती माणसे. त्यांचे काम समजून घेणे हा ग्रामीण पर्यटनाच्या अभ्यासाचा गाभा आहे. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत करतो आणि सुरुवातीलाच कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात येण्याचे निमंत्रण देतो.

राधानगरीच का, याचे उत्तर तिच्या जन्मात आहे. ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १९०८ साली वसवली आणि तिला आपल्या कन्येचे, राधाबाई अक्कासाहेबांचे नाव दिले. त्याच सुमारास भोगावती नदी अडवून धरण बांधण्याचे काम त्यांनी हाती घेतले. पैशाअभावी ते अर्ध्यावर थांबले आणि स्वातंत्र्यानंतर पूर्णत्वास गेले. आज या धरणाचा लक्ष्मी तलाव आणि धरणाचे आपोआप उघडणारे सात दरवाजे पाहायला पावसाळ्यात माणसे लोटतात. पण हे धरण शेतीसाठी बांधलेले आहे. याच तालुक्यातले दाजीपूरचे जंगलही कोल्हापूर संस्थानच्या शिकारीसाठी राखलेले होते. ते १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले, १९८५ साली त्याचा विस्तार होऊन ते ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य बनले आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याची नोंद झाली. महाराष्ट्रातून हा मान कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार ठिकाणांनाच मिळाला. थोडक्यात, इथे पाहण्यासारखे जे काही आहे ते दुसऱ्याच कारणासाठी राखले गेले. पर्यटन इथे मागाहून आले आहे आणि आधीपासून असलेल्या पाणी, शेती, जंगल यांच्या हिशेबात त्याला आपली जागा शोधावी लागते. ग्रामीण पर्यटनाचा पहिला धडा हाच.

दुसरा धडा कालमानाचा. उन्हाळ्यात पाणवठे आटू लागले की उरलेल्या पाण्यावर गवे दिसण्याची शक्यता वाढते. वळवाचे पाऊस झाले की काजवे येतात. मग राऊतवाडीचा धबधबा कोसळू लागतो, धरण भरते, आणि अभयारण्य पावसाळ्यापुरते बंद होते. पाऊस ओसरताना सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळ पठारांवर, रानफुले येतात; त्यांत सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पतीही असतात. त्यानंतर फुलपाखरे आणि पक्षी. बाहेरून येणाऱ्याला हे सगळे एकाच फेरीत हवे असते. स्थानिक कार्यकर्त्याला मात्र प्रत्येक महिन्याचे वेगळे उत्तर द्यावे लागते, आणि ‘आत्ता येऊ नका’ हेही एक उत्तर असते. पर्यटन वाढवणाऱ्याचे काम जाहिरातीने सुरू होते असा समज आहे. प्रत्यक्षात ते निवडीने सुरू होते : काय दाखवायचे, कधी, किती जणांना, आणि काय दाखवायचेच नाही.

काजव्यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. राधानगरीत बायसन नेचर क्लब या निसर्ग मंडळाने काजवा महोत्सव सुरू केला आणि मे अखेरीच्या, जूनच्या सुरुवातीच्या रात्रींना तालुक्यात नवे महत्त्व आले. यातले अर्थकारण लक्षात घ्यावे. कोल्हापूर इथून सुमारे पन्नास किलोमीटरवर. सकाळी निघालेला माणूस धरण पाहतो, धबधब्यात भिजतो आणि संध्याकाळी घरी परततो. त्याच्या खर्चातला मोठा वाटा पेट्रोलचा, तोही शहरातल्या पंपावर दिलेला. गावाच्या वाट्याला चहा, कणीस आणि मागे टाकलेला कचरा येतो. काजवा मात्र अंधाराशिवाय दिसत नाही. तो पाहायचा तर मुक्काम करावा लागतो. मुक्काम आला की रात्रीचे जेवण आले, सकाळची न्याहारी आली, वाटाड्या आला. ज्या कीटकाकडे कोणी धंदा म्हणून पाहिले नव्हते, त्याने पाहुण्याला रात्री थांबवले.

पण त्याच कीटकाचे जीवशास्त्र या धंद्याला मर्यादाही घालते. काजव्याच्या आयुष्यातला मोठा काळ अळीरूपात, ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात, गोगलगायींसारखे मऊ जीव खाण्यात जातो. प्रौढ काजवा थोडेच आठवडे जगतो आणि त्याचा प्रकाश जोडीदाराला दिलेली खूण असतो. मोटारींचे दिवे आणि मोबाइलचे फ्लॅश या खुणेत अडथळा आणतात; झाडांखाली तुडवला जाणारा पाला पुढल्या पिढीचे घर असतो. म्हणून काजवे दाखवणाऱ्याला गर्दी आणण्याइतकीच ती आवरण्याची कला लागते. गाड्या लांब उभ्या करणे, दिवे बंद ठेवायला लावणे, ठरावीक वाटेवरूनच नेणे, मोठ्याने बोलणाऱ्याला न दुखावता गप्प करणे : हे कौशल्य कोणत्याही माहितीपत्रकात नसते. ते टिपून ठेवणे हे अभ्यासकाचे काम आहे.

तिसरा धडा गव्याचा. पाहुण्याला गवा दिसला की सहल सार्थकी लागते. जंगलाकडेच्या शेतकऱ्याला तोच गवा रात्री उसात किंवा भातात उतरलेला दिसतो. एकाच प्राण्याची ही दोन मूल्ये एकाच गावात नांदतात. सफारीचे उत्पन्न ज्याला मिळते आणि पिकाचे नुकसान ज्याला सोसावे लागते, ती माणसे बहुतेक वेळा एक नसतात. पर्यटनामुळे गावाचा फायदा होतो, हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. गावातल्या कोणाचा, हे विचारायला हवे. रस्त्याकडेच्या जमीनमालकाचा की आडवाटेच्या धनगरवाड्याचा? ज्याच्याकडे जीप आहे त्याचा की ज्याच्याकडे जंगलाची माहिती आहे त्याचा? दाजीपूरच्या दाट रानांना, डंगांना, स्वतःची नावे आहेत. पाणवठ्यांना आणि सड्यांना आहेत. ही नावे ज्यांनी दिली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांच्या ज्ञानाचा मोबदला कोणत्या दरपत्रकात धरला जातो, याचा शोध आपण घेतला पाहिजे.

या प्रश्नांचा विचार जगात झालेला आहे. १९७५ साली पर्यटनाचे अभ्यासक डॉक्सी यांनी पाहुण्यांविषयीची स्थानिकांची भावना उत्साहापासून उदासीनतेकडे, तिथून त्राग्याकडे आणि अखेर वैराकडे कशी सरकते, याच्या पायऱ्या मांडल्या. १९७७ साली व्हॅलेन स्मिथ यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने यजमान आणि पाहुणे यांच्या नात्याकडे मानववंशशास्त्राच्या नजरेने पाहिले. १९८० साली रिचर्ड बटलर यांनी पर्यटनस्थळाचे जीवनचक्र सांगितले : शोध, वाढ, साचलेपण, आणि त्यानंतर ऱ्हास किंवा नवी उभारी. ही मांडणी उपयोगी आहे. पण तिची कसोटी आपल्या मातीत लागायला हवी. महाराष्ट्रात त्यासाठी साहित्य भरपूर आहे. कोकण किनाऱ्यावरच्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवांच्या संरक्षणाला गावातल्या घरगुती मुक्कामाची जोड दिली. कास पठारावर फुलांच्या हंगामात येणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा आली आणि व्यवस्थेत गावकऱ्यांच्या समित्यांना स्थान मिळाले. महाबळेश्वराजवळचे मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले, आणि राधानगरीच्या शेजारच्या भुदरगड तालुक्यातल्या पाटगावानेही तीच ओळख मिळवली. यांतल्या बहुतेक ठिकाणी आधी काहीतरी जपले गेले आणि पाहुणे त्यानंतर आले. तो क्रम उलटला की काय होते, हे आपल्या अनेक धबधब्यांच्या पायथ्याशी दिसते.

नव्या अभ्यासकासाठी काही सूचना. पहिली, हंगामात जा तसे हंगाम नसतानाही जा. बंद पडलेले दुकान आणि रिकामी खोली पाहिल्याशिवाय या व्यवसायाची अनिश्चितता कळत नाही. दुसरी, घरच्या बाईला तिच्या कामाचे तास विचारा. घरगुती जेवणाची प्रशंसा सगळे करतात, पण पहाटेपासूनचे पाणी, सरपण, भांडी हे श्रम हिशेबात क्वचित येतात. तिसरी, एका पाहुण्याने खर्च केलेल्या शंभर रुपयांचा माग काढा आणि त्यातले तालुक्यात किती राहिले ते पाहा. चौथी, वन्यजीव विभाग, ग्रामपंचायत, निसर्ग मंडळ आणि व्यावसायिक यांचे म्हणणे वेगवेगळे लिहून घ्या. त्यांच्यातला मतभेद हीच या विषयातली सर्वांत मौल्यवान सामग्री आहे. शिवाजी विद्यापीठातल्या भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र किंवा मराठीच्या विद्यार्थ्याला एवढे समृद्ध क्षेत्र एसटीच्या अंतरावर आहे.

हा अभ्यास कोरड्या तटस्थतेने करता येईल, असे मला वाटत नाही. आपण ज्यांचे निरीक्षण करतो त्या माणसांनी आपल्याला जेवू घातलेले असते, वाट दाखवलेली असते. त्यांचे कौतुक करून थांबणे सोपे आहे आणि दोष काढून मोकळे होणे त्याहून सोपे. त्यांच्या निर्णयांमागचे ज्ञान, अडचण आणि मोह नीट समजून लिहिणे हे खरे ऋण फेडणे. पर्यटनाचे यश येणाऱ्यांच्या संख्येवर मोजू नये. गावातला तरुण गावात राहून सन्मानाने जगू शकतो का, आणि काजवा, गवा, पाणी पुढच्या पिढीसाठी शिल्लक राहते का, यावर मोजावे. वाचकहो, राधानगरीला जरूर जा. एक रात्र तिथल्या माणसांच्या घरी राहा, त्यांनी ठरवलेले नियम पाळा, आणि परत आल्यावर जे पाहिले ते नेमकेपणाने लिहा. या विषयाला आज त्याचीच सर्वांत अधिक गरज आहे.